पिंपातला केसर

सकाळी सात वाजता आमच्या फतेगंजच्या सोसायटीच्या गच्चीवरून घोषणा होते, "कृपया लक्ष द्या. पिंप क्रमांक चारमधील डाळिंब नियोजित वेळेपेक्षा पंधरा दिवस उशिराने धावत आहे."

नवा भाडेकरू दचकतो. आम्ही चहाचा कपही खाली ठेवत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मोहितेमावशींची नोकरी रेल्वे स्टेशनांवर घोषणा करण्यात गेली. निवृत्त होऊन बडोद्याला आल्या, माईक सुटला, सवय सुटली नाही. आता त्यांचे प्रवासी म्हणजे अकरा निळी पिंपं. छाणीच्या भंगारवाल्याकडून आणलेली, मधोमध कापलेली. त्यांत लिंबू, पेरू, चिकू, डाळिंब आणि पहिल्या पिंपात केसर आंब्याचं कलम.

"पिंपात आंबा लागतो?" मी एकदाच विचारलं.

"तू फ्लॅटमध्ये वाढलास ना? मग?"

झाडांशी त्या भांडतातही. चिकूने दोन वर्षं फळ दिलं नाही, तेव्हा कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "चिकूभाई, आवुं नहीं चाले हं!" घरी मराठी आणि रागवायला गुजराती, अशी त्यांची वाटणी आहे.

तिसऱ्या वर्षी केसर मोहरला. मोहोर गळून गळून सात कैऱ्या टिकल्या. मावशी दिवसातून चारदा वर जाऊन त्या मोजत. आणि नेमकं तेव्हाच आमच्या सेक्रेटरींच्या, जयंतीभाईंच्या घरात छत गळू लागलं. ते माझ्याच मजल्यावर, चौथ्यावर राहतात; वर गच्चीच. थेंब पडायचा तो बरोबर बैठकीतल्या झोपाळ्यावर, जयंतीभाईंच्या टकलावर.

"बेन, तमारो आंबो मारा माथा पर टपके छे!"

आठ दिवसांत पिंप हलवा, असा कागद फळ्यावर लागला. भरलेलं पिंप हलवायचं म्हणजे चार माणसं, धक्के, आणि सातही कैऱ्या खाली. मला वाटलं, मावशी आता भांडणार. त्या बाजारात गेल्या आणि कपड्यांची नीळ घेऊन आल्या.

"जयंतीभाई, चार दिवस झाडांना निळं पाणी घालते. तुमच्याकडे थेंब निळा पडला, तर पिंप मी स्वतः उचलते."

जयंतीभाईंनी झोपाळ्यावर पांढरं पातेलं ठेवलं. गच्ची निळी झाली, मावशींचे पाय निळे झाले. रोज संध्याकाळी अख्खी सोसायटी पातेल्यात डोकावून जायची. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ! पाचव्या दिवशी मावशींनी गच्चीवरच्या, पाणी तापवणाऱ्या सोलरचा कॉक बंद केला. संध्याकाळपर्यंत गळती थांबली. हा सोलर जयंतीभाईंनीच उभं राहून, सगळ्यांना कौतुकाने दाखवत बसवून घेतला होता.

मावशी पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिल्या. "कृपया लक्ष द्या. सोलरच्या पाइपाचा सांधा सुटलेला आहे. प्रवाशांना झालेल्या असुविधेबद्दल जयंतीभाईंना खेद आहे."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्याने हसले जयंतीभाईच. कागद त्यांनी स्वतः फाडला.

मे महिन्यात आंबे उतरले. सहा आंबे सोसायटीत फिरले, पहिला जयंतीभाईंकडे. तो संपवून ते मिशा पुसत वर आले तेव्हा मीही तिथेच होतो. सातवा आंबा मावशींच्या हातात होता.

"बेन, आटली सरस केरी! आ झाड नीचे जमीन मां वावो. गेटपाशी लावायला जागा देतो हूं. मोठं होईल."

"नाही."

"पण का?"

मावशींनी हातातला आंबा फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "पाच गावं झाली माझी. पाच क्वार्टर. प्रत्येक अंगणात आंबा लावला. दाहोदच्या झाडाला मोहोर आला आणि त्याच आठवड्यात बदलीचा कागद. पुढे एकदा त्या बाजूला जाणं झालं, तर मुद्दाम उतरले. क्वार्टरपर्यंत चालत गेले. झाड नुसतं लगडलं होतं. घरातली बाई बाहेर आली. म्हणाली, 'कोनुं काम छे?' काय सांगणार तिला, कोणाकडे आले? म्हटलं, पाणी मिळेल का? पाणी प्याले आणि परत स्टेशनवर आले."

त्यांनी पिंपाच्या निळ्या कडेवर हात ठेवला. "हे मात्र उचललं की माझ्याबरोबर येतं."

जयंतीभाईंनी जागेचा विषय पुन्हा काढला नाही. मावशी तिथेच पायरीवर बसल्या, आंबा सोलला आणि आम्हा दोघांना एक फोडही न विचारता कोयीपर्यंत खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला.

"केवी छे केरी, बेन?" जयंतीभाईंनी हळूच विचारलं.

"माझी आहे," मावशी म्हणाल्या.