देवीने सोडवलेला प्रश्न

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या साली धारगळचे दुकानदार शिवदास यांची मुलगी तनया तत्त्वज्ञान घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. राज्य मोकळे झाले, तनया मात्र नाही. तिला पुढे शिकायला पणजीत राहायचे होते आणि वडिलांनी तिच्यासाठी डिचोलीचे स्थळ पाहून ठेवले होते.

अशात ती निबंधाचा प्रश्न घरी घेऊन आली : मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे काय?

"सगळी पुस्तकां वाचलंय, बाबा. अर्धी हो म्हणतत, अर्धी नाय."

"मगे पुस्तकांक कित्याक विचारतंस?" शिवदास म्हणाले. "देवीक विचारया."

त्या घरात देवीला न विचारता विहीरसुद्धा उपसत नसत. दुसऱ्या दिवशी आई, बाप, लेक देवळात. गोपाळ गुरवाने कौलासाठी मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "आई, मनीस मोकळो असात तर उजवो प्रसाद दी. बांधलेलो असात तर डावो."

देवी बराच वेळ विचारात पडली. तिला सवय म्हशींची, सोयरिकींची आणि कोर्टातल्या दाव्यांची. अखेर उजवी पाकळी पडली.

"मोकळो," गोपाळ म्हणाला.

तनयाने खाली वाकून नमस्कार केला. "मगे मी पणजेक जातंय, बाबा."

शिवदासांनी घसा खाकरला. "गोपाळा, परत एकदा लाव."

"एकदा दिल्लो प्रसाद परत विचारूचो नाय, शिवदासबाब. भावाच्या जमिनीच्या वेळार तुमीच माका सांगल्लात."

देवीची आज्ञा मोडण्याची शिवदासांची छाती नव्हती. मनुष्य स्वतंत्र आहे हे त्यांनी हात जोडून, मान खाली घालून मान्य केले.

त्यांची बायको जानकी पुढे झाली. "गोपाळा, बायलमनीस मनशांत येता मां?"

"येता तर, वहिनी."

"मगे मीय जातंय. कोरगावाक, माहेराक. देवीक विचारल्यार दर खेपेक डावोच प्रसाद येता म्हणान रवलंय."

हमरस्त्यावर माय-लेकी दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि दोन दिशांच्या बसमध्ये चढल्या.

आठवडाभर पेज आणि लोणचे खाऊन शिवदास पुन्हा देवळात आले. "गोपाळा, पाकळ्यो लाव. जानकी कधी परततली, तां विचार."

"तां देवी कशी सांगतली? वहिनी मोकळी असा. तां तिकाच विचारूक होया."

शिवदास खांबाला टेकून बसले. संसार झाला, मुलगी पदवीपर्यंत पोचली, पण बायकोला काही विचारायचा प्रसंग आला नव्हता. मग ते उठले.

"बरां. मगे कोरगावाक आज जाव काय उद्यां, येवढां तरी देवीक विचार."