एसेक, सितना, रहोबोथ

मिरजेत आमच्या शेजारी 'रोबोट' राहतो. गॅसवाला, पोस्टमन, रिक्षावाले, सगळे शमुवेलकाकांच्या दोन खोल्यांच्या घराला हेच म्हणतात. पाटीवर लिहिलंय 'रहोबोथ'. पण घाईत कोण वाचतंय! आणि चुकून काकांसमोर कुणी 'रोबोट' म्हणालाच, तर मेला बिचारा.

काका एस.टी.चे रिटायर कंडक्टर. बायबलसुद्धा स्टॉप घेत घेत सांगतात. "गरारहून गाडी सुटली. इसहाकाच्या मानसांनी हीर खांदली, झरा लागला. तितले गुराखी आले, म्हनाले, पानी आमचं! त्या हिरीचं नाव एसेक, म्हंजे भांडण. फुडं दुसरी खांदली, तितंबी त्येच. सितना, म्हंजे वैर. इसहाक आनखी फुडं सरकला. तिसऱ्या हिरीवर कुनी भांडाया आलं न्हाई. रहोबोथ! म्हंजे ऐसपैस जागा. फुडचा स्टॉप बैरशेबा!"

गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन एवढं सगळं ऐकतो.

मी एकदा चेष्टा केली, "काका, दोन पलंग टाकले की घर संपलं. ऐसपैस कुठंय?"

"आवं, भरल्या गाडीत आख्खं वऱ्हाड बसवलंय मी! फुडं सरकायचं, जागा होतीया."

काकू गेल्या, तरी दुसऱ्या पलंगावर रोज धुतलेली चादर असते. "कुणासाठी?" विचारलं, तर पहिल्यांदाच हळू बोलले. तासगावकडच्या गावी थोरल्या भावाशी विहिरीवरून बिनसलं होतं. दादा म्हणाला, पाणी माझं. काकांनी वाटा सोडला आणि मिरजेला आले. "भांडलो न्हाई, सरकलो. पन दादा कवा आला न्हाई बगा. एकदा यावा." असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात काकांच्या दारात रिक्षा थांबली. एक म्हातारा उतरला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, काखेत पिशवी. दुसरा डोळा बारीक करून पाटी वाचू लागला.

"रोबोट... ह्येच का रं तुजं घर, शमू?"

मी कपाळाला हात लावला. आता गाडी गरारहून सुटणार!

काकांनी तोंड उघडलं. मिटलं.

"व्हय दादा. रोबोटच."

म्हातारा उंबऱ्याबाहेरच घुटमळला. "डॉक्टर म्हनतोय, चार दिस मिरजंतच ऱ्हावा. तुज्याकडं... जागा हाय का रं?"

काकांनी त्याच्या काखेतली पिशवी काढून घेतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज अस्सल कंडक्टरचा लागला.

"फुडं सरका की दादा! जागा हाय."