भिंगारच्या बॅटरीचे सीमोल्लंघन

श्री म्हाळसाकांत समर्थ. भिंगार मुक्कामीं दसरियाचे दिवशीं बॅटरीवर जी मोहीम जाहली, तिची हकीकत कोणाची भीडमुर्वत न ठेवितां लिहिली ऐसीजे.

राजश्री कानिफनाथराव, नागापूरचे कारखान्यांत मशीनवर मुख्त्यार, यांची मोटार आदले दिवशीं, खंडेनवमीस, मातोश्री मुक्ताबाईसाहेबांनीं पुजिली, आणि पूजेच्या भरांत गाडीच्या आंतील दिवा जळता राहिला, आणि रात्रींतून बॅटरी निःशक्त जाहली. प्रातःकाळीं किल्ली फिरविली तों गाडी खोकलीसुद्धां नाहीं. इकडे राणीसाहेब अश्विनीबाईंचे वडील भिमाजीराव, घरचे आप्पा, दरसाल बेलापुराहून आपट्याचें सोनें द्यावयास भिंगारीं येत, ते यंदा पाय मोडून घरीं. लेकीनें शब्द दिला होता, सोनें घेऊन मीच येतें. तो शब्द आतां धोक्यांत आला आणि बाईसाहेब एकाच साडीची घडी पुन्हा पुन्हा करूं लागल्या, तेव्हां रावांचा धीर सुटला.

मग शेजारचे गॅरेजांतून चार्जर कुमकेस आणविला. बॅटरी सोडवावी तर पुन्हा जोडितांना गाडींतला टेप परवलीचा आंकडा मागे, त्यावांचून वाजेना, आणि तो आंकडा कोणास ठाऊक नव्हता, म्हणून जागेवरच चार्ज करणें ठरलें. परंतु मातोश्रींनीं बॅटरीस हळदकुंकू ऐसें सढळ हस्तें माखिलें होतें कीं अधिक कोणतें आणि उणें कोणतें, कांहीं उमजेना. राव फडकें घेऊन सरसावले तों मातोश्रींचा हुकूम सुटला, "सनाच्या दिशी कुंकू पुसायचं न्हाई." मग राव अंदाजानें चार्जरचा लाल चिमटा लावूं गेले, तों अश्विनीबाईंनीं मनगट धरिलें. "आंदाजानं लावून जाळायची हाय का? मला आप्पांकडं जायचंय."

मग मसलत बसली आणि बाईसाहेबांनीं तोड काढिली, कीं गणपतीची उत्तरपूजा होते तैसी हिचीही करावी, मग पुसण्यास हरकत नाहीं. मातोश्रींस मानवलें. त्यांनीं अक्षता टाकिल्या आणि निरांजन पेटवूं लागल्या, तों रावांनीं हात जोडून अर्ज केला, कीं चार्जिंगला हिच्यातून पेट घेणारा वायू सुटतो, सबब दिवा-उदबत्ती देवघरींच राहावी. मातोश्री पुटपुटत कां होईना, निरांजन घेऊन आंत गेल्या.

कुंकू पुसलें तों अधिकाचें चिन्ह डावे बाजूस निघालें. राव उजवीकडे लावणार होते. मग बॉनेट उघडें ठेविलें, लाल चिमटा अधिकास, आणि काळा बॅटरीपासून दूर इंजिनाच्या उघड्या लोखंडास, आणि सर्वांत शेवटीं भिंतीवरील बटण दाबिलें. उतरवितांना आधीं बटण बंद, मग काळा, मग लाल, यांत तिळमात्र हयगय केली नाहीं. तिसरे प्रहरीं किल्ली फिरविली आणि गाडी गरजली.

सायंकाळीं स्वारी बेलापुरीं दाखल जाहली. भिमाजीराव सकाळपासून दारांत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनीं दुरूनच फर्माविलें, "जावईबापू, गाडी बंद करू नका, परत चालू न्हाई झाली म्हंजी?"

तों अश्विनीबाईंनीं हात लांबवून स्वतः किल्ली काढिली. "न्हाई झाली तर ऱ्हाते की चार दिस."

आप्पांनीं लेकीचें सोनें कपाळास लाविलें. येणेंप्रमाणें फत्ते जाहली, ती येथें रुजू केली असे.