आज शेळी, उद्या कुऱ्हाड

आमच्या गावचे पोलीस पाटील किसनमामा गळ्यात शिट्टी अडकवूनच जेवायला बसतात. कुणाची शेळी दुसऱ्याच्या वावराकडं वळली की ताटावरून उठून थेट पळता येतं. शेळी कोंडवाड्यात, अन् मालकानं दंड भरल्याशिवाय सुटका न्हाई.

"आज शेळी, उद्या कुऱ्हाड!" हा मामांचा मंत्र. बारका गुन्हा दाबला की मोठा आपोआप मरतो म्हणे. वा रे शहाणपण! विहिरीवरच्या मोटारी चोरणारे सारखे येऊन जातात. पण त्यांनी कधी लोकाच्या वावरात शेळी चारली न्हाई, म्हणून मामांच्या हाती लागत नसावेत.

परवा सकाळी माझीच शेळी शेजारच्या दत्तरावच्या तुरीत शिरली. दत्तराव बांधावरून माझ्या बापजाद्यांचा उद्धार करायला लागला. मी लाकडं फोडत होतो, तसाच तरातरा गेलो. "तूर खाल्ली, तुला तर न्हाई ना खाल्लं?" असं विचारतोय तोच शिट्टी वाजली. मामा धापा टाकत आमच्या दोघांच्या मध्ये उभे.

"भांडण बाजूला ठेवा. जनावर चाललं कोंडवाड्यात!"

"मामा, घरी दोन पिल्लं हायत दुधावरची."

"कायदा म्हंजे कायदा!"

मग दत्तरावनं अन् मी मिळून मामांना पोटभर शिव्या घातल्या. इतकं एकमत आमचं आजवर कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी रागारागानं कोंडवाड्यावर गेलो, तर मामा माझ्या शेळीला बाभळीच्या शेंगा चारत बसलेले. दोन्ही पिल्लं तिला लुचत होती. माझ्या घरून मामांनी स्वतः उचलून आणली होती.

"मामा, एवढी माया हाय तर कोंडली काहून?"

मामांचा धाकटा भाऊ नामदेव बांधावरच्या भांडणात मारला गेला, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

"नामदेवची शेळी तुरीत गेली, ही तक्रार त्या सकाळी माझ्याकडंच आली व्हती," मामा शेळीकडं बघत म्हणाले. "म्या हसलो. म्हनलं, मुकं जनावर हाय, जाऊ द्या."

मी दंडाचे पैसे मामांच्या पुढ्यात ठेवले. अन् शेळीचं दावं सोडायला लागलो.

"तुह्या हातात सकाळी काय व्हतं रे?"

"कुऱ्हाड. पर मामा, मी लाकडं फोडून राहिलो व्हतो."

"व्हय," मामा म्हणाले. "नामदेवला ज्यानं मारलं, त्योबी लाकडंच फोडून राहिला व्हता."