नानांच्या तिकडची द्राक्षे

धारमधल्या आम्हा मराठी माणसांना ‘मूळचे कुठले?’ असे विचारले, की कोणी सातारा सांगतो, कोणी वाई. नाना मात्र पौष लागला की कानाला उपरणे गुंडाळून म्हणत, “आमच्या तिकडे आता गुडघाभर बर्फ असेल.” तिकडे म्हणजे साहेबाच्या मुलखातला एक डोंगराळ जिल्हा. गयेची एक यात्रा सोडली तर नाना इंदूरच्या पुढे गेले नव्हते.

नाना संस्थानच्या बागेचे दरोगा. मी त्यांच्या हाताखालचा कारकून आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. तलावाच्या कामावर आलेल्या एका गोऱ्या इंजिनियराने जाताना आपल्या गावच्या द्राक्षवेलीच्या चार काड्या नानांना दिल्या. सोबत गोष्टी दिल्या: नदीवर उतरणारे डोंगर, त्यांच्या उभ्या उतारावर वेली, आणि थंडी. एक काडी जगली. गोष्टी सगळ्या जगल्या.

हिवाळ्यात वेलीची पाने गळाली की नाना ओठांवर बोट ठेवून बागेत फिरत. “हळू, भिया. झोपलीय ती.” भिया म्हणजे आमच्या धारकडे भाऊ. आम्ही जोडे हातात घेऊन जात असू. तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबालाही त्यांनी बूट काढायला लावले होते. कोणी म्हणाले, “नाना, तिकडे या द्राक्षांची दारू गाळतात.” नाना म्हणाले, “गाळोत. त्यात वेलीचा काय दोष?”

फाल्गुनापासून खरी धामधूम. वेलीला तिकडची हवा मिळावी म्हणून नाना तिच्याभोवती वाळ्याचे पडदे बांधत आणि तासातासाला त्यांवर पाणी मारत. भेरू माळी कपाळाला हात लावी. “थोड़ी धूप तो लागवा दो, नानासाब.” नाना त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहत. बर्फाखालच्या वेलीतले त्या बिचाऱ्याला काय कळणार!

अर्थात द्राक्षे आंबट होत. अशी आंबट, की दातच नव्हे, कानसुद्धा आंबत. मुदपाकखान्यात त्यांची गूळ घालून चटणी होई. हे साऱ्या धारला ठाऊक होते. नानांना तेवढे नव्हते. कारण गयेला आवडते फळ सोडायचा रिवाज. शहाणी माणसे तिथे न आवडणारे रामफळ सोडून मोकळी होतात. नानांना द्राक्षे फार आवडत, म्हणून त्यांनी द्राक्षे सोडली. काड्या मिळाल्या त्या त्यानंतर.

त्यामुळे पहिला घड चाखायचा मान नानांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा. नाना समोर मांडी घालून बसत. काकू डोळे मिटून एकेक मणी खात, शेवटचा संपेपर्यंत, आणि म्हणत, “साखर आहे हो.” अकरा वर्षे. मी एकदा त्यांना आडून विचारले, तर हसून म्हणाल्या, “त्यांचं माहेर आहे ते. माहेरची वस्तू कोणी आंबट म्हणतं का?”

बाराव्या वर्षी माघात उंदीर मरून पडू लागले. गाठीचा ताप गल्लीगल्लीतून फिरू लागला आणि चैत्रात गाव तलावापलीकडे झोपड्यांत राहायला गेले. आम्हीही निघालो. नाना हलेनात. “फळ धरलंय, भिया. पडदे एक दिवस वाळले की संपलं.” मी काकूंना म्हटले, निदान तुम्ही तरी चला, माझी बायको आहे, आई आहे. काकूंनी बोचके बांधून ठेवले होते. दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “ह्यांनी जा म्हटलं, तर आत्ता येते.”

नाना पाणी मारत होते. ते पुढच्या पडद्याकडे वळले. मीही थांबलो नाही, हे लिहून टाकतो. मला माझी पोरे दिसत होती.

सहाव्या दिवशी काकूंना ताप भरला, आठव्या दिवशी त्या गेल्या. खांदा द्यायला नाना, भेरू, मी आणि एक अनोळखी गोसावी. गाव तलावापलीकडून पाहत होते.

वैशाखात एके सकाळी नाना आमच्या झोपडीवर आले. केळीच्या पानावर घड होता. समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “चाखा.”

मी मणी तोंडात टाकला. “साखर आहे, नाना.”

नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “तीसुद्धा असेच डोळे मिटायची,” ते म्हणाले, आणि त्यांनी घडाला हात घातला.

“नाना, अहो, गयेचा नेम!”

त्यांनी मणी खाल्ला. मला वाटले, आता रडतील. रडले असते तर बरे झाले असते.

“कडू विख आहे हे,” शेवटी ते म्हणाले. “आणि ती एकसुद्धा टाकायची नाही.” मग खाली बघत त्यांनी विचारले, “मी जा म्हटलं असतं, तर ती आली असती का हो तुमच्याबरोबर?”

मला ते दारातले बोचके दिसत होते.

“नाही, नाना,” मी म्हणालो. “तुम्हाला सोडून त्या कशा येतील?”

नानांनी पुन्हा एकदा माझ्या तोंडाकडे पाहिले. मग पान जवळ ओढले आणि उरलेला घड एकेक मणी करून खायला सुरुवात केली.