शाळूच्या डब्यातली अंडी

अंड्याबद्दल मला काहीही विचारा! पांढऱ्यात काय असतं, पिवळ्यात काय असतं, उकळत्या पाण्यात त्यातली प्रथिनं कशी घट्ट होतात, सगळं मी झोपेतून उठून सांगेन. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे मी. सध्या नोकरी शोधतोय, म्हणजे सांगायला वेळही भरपूर आहे. त्यामुळे आमच्या घरात अंडं आणायचं काम निघालं, तेव्हा ते माझ्याइतकं चोख कुणी करणार नाही याची मला खात्री होती.

अडचण एकच होती. आमचं घर लिंगायतांचं. घरात केक आला, तरी अव्वा आधी खोक्यावरचा हिरवा ठिपका शोधते, मग मेणबत्ती. अव्वा म्हणजे माझी आई, मल्लव्वा. तिच्या स्वयंपाकघरात अंडं शिरण्यापेक्षा हत्ती शिरणं सोपं.

पण काम माझ्या बहिणीचं होतं. सुष्मिता अक्कानं दोन वर्षांपूर्वी कबनूरच्या यशराजदाजींशी लग्न केलं. दोघांनी आपापसात ठरवलेलं. दाजी मराठ्यांचे, घरात यंत्रमाग, माणसं मोकळी. तरीही अव्वा रागावली. तो राग केव्हाच संपला होता. मात्र संपल्याचं जाहीर करायला कुणी पुढं येत नव्हतं. त्यामुळं लग्नानंतर अक्का या घरात एक रात्रही राहिली नव्हती. तिच्या खोलीतली चादर अव्वा दर आठवड्याला बदलायची. न वापरलेली चादर धुवायची, वाळत घालायची, तशीच दुसरी अंथरायची. फोनवर मात्र एकच प्रश्न: “जेवलीस का?” पलीकडून मागांचा खडखडाट ऐकू यायचा, त्यातून अक्काचं “व्हय” कसंबसं यायचं. मग अव्वा बराच वेळ फोन कानालाच धरून बसायची. माग ऐकत.

आता अक्काला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात श्रावण, त्यात पंचमी तोंडावर. अक्काच्या सासूबाई, संयोगिताबाई, यांनी स्वतःहून फोन केला. पंचमीला आणते, बाळंतपणापर्यंत ठेवून घ्या म्हणाल्या. अव्वाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, खोलीतली वीज वाचवता येईल! मग संयोगिताबाईंनी अट घातली. पोरीचं वजन वाढत नाही, डॉक्टरांनी अंडं सांगितलंय.

“तुमच्यात मिळणार असंल तर पाठवतो, विहीणबाई. न्हाईतर बाळंतपण हितंच हुईल. श्रावण असला म्हणून काय झालं, औषध हाय ते.”

अव्वानं फोन ठेवला आणि अक्काच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिली.

मी लगेच व्याख्यान सुरू केलं. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी नऊच्या नऊ अमिनो आम्लं एका अंड्यात! बी-बारा, ड जीवनसत्त्व! आणि पिवळ्यातलं कोलिन तर बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी फार मोलाचं! अव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मूग देतो. दूध देतो. शेंगा देतो. ह्या घरात ते येणार न्हाय.” आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं. आप्पांचं घरातलं मत नेहमी वर्तमानपत्राच्या मागं असतं.

मग मी दोन ठिकाणी बोलणी केली. संयोगिताबाईंना सांगितलं, रोज अंडं मिळेल, माझी गॅरंटी. अव्वाला सांगितलं, अंडं घरात येणार नाही, माझी गॅरंटी. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी ठेवायची तर अंडं घरात असून नसायला हवं होतं. विज्ञानात अशा गोष्टी घडतात, हे मला माहीत होतं.

योजना साधी होती. गच्चीवर इलेक्ट्रिक किटली, तीत अंडं उकडायचं, अक्काला गुपचूप द्यायचं. पण कुठलाही प्रयोग थेट रुग्णावर करत नाहीत. आधी चाचणी. उकडल्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचतो का, हे अक्का येण्याआधीच बघायचं होतं. म्हणून मी लांबच्या दुकानातून अर्धा डझन अंडी आणली, पिशवीवर दुसरी पिशवी, तिच्यावर नोकरीची फाईल. प्रश्न राहिला ठेवायचा. फ्रीज अव्वाचा. कपाट अव्वाचं. मग माझी नजर कोपऱ्यातल्या शाळूच्या डब्यावर गेली.

शाळू म्हणजे रब्बीची जोंधळ्यातली मोत्यासारखी पांढरी जात. आमच्याकडं रोजची भाकरी साध्या जोंधळ्याची. शाळूचा डबा खास माणूस यायचा असला तरच उघडतात. एरवी महिनोन्महिने त्याला हात लागत नाही. आत गार, दाणे मऊ, अंड्याला धक्का नाही. मी अंडी खोल पुरली, वरून दाणे सारखे केले आणि स्वतःच्या बुद्धीवर खूश होऊन ग्रंथालयात गेलो.

खास माणूस यायचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही!

दुपारी परतलो तर अव्वा दारात झोका बांधत होती. पंचमीचा झोका. सातव्या महिन्यातली अक्का झोक्यावर कशी बसेल, असं मी विचारलं. “बसायला न्हाय,” अव्वा म्हणाली, “बघायला.” आणि मग सहज सांगितलं, की अक्काला ताज्या पिठाची भाकरी आवडते म्हणून आप्पा शाळू घेऊन गिरणीत गेलेत.

मी चप्पल न घालता पळालो.

गुंडूमामांच्या गिरणीत रांग होती. मी पोचलो तेव्हा आमचा डबा मामांच्या खांद्यावर होता आणि त्याचं तोंड खाली झुकलेलं होतं. मी ओरडलो, पण गिरणीच्या आवाजात कोण ऐकतंय! शाळूची पांढरी धार आत पडली. मग गिरणीला एक विचित्र उचकी लागली. मग दुसरी. पट्टा घसरला आणि खालच्या पोत्यात पिठाऐवजी पिवळसर, चिकट लोळा टपकू लागला. एक अंडं मात्र दाण्यांवरून घरंगळत वरच राहिलं आणि साऱ्या रांगेला दिसेल असं काठावर येऊन थांबलं. संशोधनात ज्याला ठोस पुरावा म्हणतात, तो हाच.

गिरणी बंद झाली.

“दळणात अंडं?” गुंडूमामा आप्पांकडं वळून म्हणाले. “शिवपुत्रअण्णा, तुमच्या डब्यातनं?”

रांगेत आमच्या शेजारच्या धोंडुबाई होत्या. अकरा महिने रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा करणारी गल्ली आमची, पण श्रावणात सगळे शाकाहारी. धोंडुबाईंनी स्वतःचा डबा पदराखाली घेतला. “श्रावणात? आणि तुमच्यातनं?”

आप्पांकडं वर्तमानपत्र नव्हतं. त्यांनी रिकाम्या डब्यात डोकावून बघितलं. मग म्हणाले, “कोंबडी शिरली असंल.”

“आणि आत जाऊन झाकण कुणी लावलं? कोंबडीनंच?” मामांनी विचारलं.

रांग हसायला लागली. तेवढ्यात मागून अव्वा आली. पीठ बारीक दळायला सांगायचं राहिलं होतं म्हणून आली होती. तिनं गिरणीचं तोंड बघितलं. काठावरचं अंडं बघितलं. मग माझे अनवाणी पाय बघितले. तिला सगळं कळलं. आता मला घराबाहेर काढणार, असं मी धरून चाललो होतो.

अव्वानं पदर खांद्यावरून घेतला आणि रांगेकडं तोंड केलं.

“माझी हायत,” ती म्हणाली. “डॉक्टरनं लेकीला सांगितल्यात. माझी लेक यायलीया पंचमीला.”

शेवटचं वाक्य तिनं पुन्हा एकदा म्हटलं, कुणी विचारलं नसताना. दोन वर्षांत कुणालाही सांगता न आलेलं ते वाक्य होतं. हसणं थांबलं. धोंडुबाई पुढं झाल्या आणि सल्ले द्यायला लागल्या: पाण्यात मीठ टाका म्हणजे कवच सुटतंय, पिवळं नीट घट्ट होऊ द्या, पोटुशीला कच्चं चालत न्हाय. मग सगळी रांगच अंड्यावर बोलायला लागली. श्रावणात अंड्याची नुसती चर्चाही किती चवीनं करतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. गुंडूमामांनी जातं खोलून धुतलं, दगडांना टाकीनं पुन्हा खाचा पाडल्या, स्वतःकडचा शाळू दळून दिला आणि वर म्हणाले, “वैनी, पोरीला सांगा, मामानं इचारलंय म्हणून.”

घरी अव्वा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर एक छोटी शेगडी आली. नवं पातेलं आलं, त्याच्या कानाला ओळखीसाठी लाल दोरा. अव्वानं नाकाला पदर बांधला, अंडं चिमट्यात धरलं, जणू विंचू, आणि पाण्यात सोडलं. पहिलं फुटलं. दुसरं कच्चं राहिलं. ती सोलताना मान दुसरीकडं वळवायची. मधेच तिनं विचारलं, “ह्यानं बाळाचं डोस्कं चांगलं हुतंय न्हवं?”

“कोलिनमुळं,” मी म्हणालो.

“काय असंल ते,” अव्वा म्हणाली आणि तिसरं अंडं घेतलं.

पंचमीसाठी दोन दिवस आधीच दाजींच्या गाडीतून अक्का उतरली. पोट पुढं, चेहरा ओढलेला. अव्वा काहीतरी बोलणार होती, पण तिच्या तोंडून सवयीनं “जेवलीस का?” एवढंच आलं. अक्का झोक्याजवळ थांबली, दोरीवर हात ठेवून उभी राहिली. मागांचा आवाज नव्हता. घर तिला ऐकत होतं, ती घराला.

दाजी चहा घेऊन परत गेले. मग ताट आलं. शाळूची पांढरी भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर. आणि शेजारी झाकलेली वाटी. अव्वानं एका हातानं झाकण उचललं. आत सोललेलं अंडं, मीठ-मिरपूड घातलेलं, एकही ओरखडा नसलेलं. माझ्यासारख्याला प्रयोगशाळेतही जमलं नसतं.

अक्कानं बघितलं. तिचा चेहरा कसनुसा झाला आणि ती मोरीकडं धावली.

परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. “अव्वा,” ती म्हणाली, “तिकडं रोज सकाळी उठलं की हेच. मायेनंच देत्यात, न्हाय कसं म्हणायचं? मग माझं दुसरं जेवणच सुटतंय. म्हटलं, जगात एक घर हाय जिथं ह्याचा वास न्हाय. दिवस मोजत हुतो मी.”

मी सासूबाईंना विचारलं होतं, अव्वाला समजावलं होतं, दोघींना गॅरंटी दिली होती. खाणारीला विचारायचं राहिलं होतं!

मी लाजून डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, अंड्यावाचून काही अडत नाही. दूध, डाळी, शेंगदाणे, पनीर पोटभर खाऊ दे, बी-बाराची गोळी देते. मी फोन ठेवेपर्यंत अक्काची तिसरी भाकरी संपली होती. अव्वा तव्यावर चौथी टाकत होती आणि धूर नसताना डोळे पुसत होती.

तेवढ्यात संयोगिताबाईंचा व्हिडिओ फोन वाजला. अक्का दचकली. खरं कळलं तर उद्याच गाडी परत येईल, हे सगळ्यांच्या डोळ्यांत दिसलं. गिरणीतलं एक वाक्य सोडलं तर अव्वा जन्मात खोटं बोललेली नाही. तिनं वाटी उचलली, माझ्या पुढ्यात आदळली आणि हळूच म्हणाली, “गीळ.”

मग फोन उचलून म्हणाली, “अंडं? संपलं की, विहीणबाई. ही बघा मोकळी वाटी.”

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवसापर्यंत मी आयुष्यात एकदाही अंडं खाल्लं नव्हतं. आता रोजच्या मोकळ्या वाटीसाठी रोज खातो, गच्चीवर, लाल दोऱ्याच्या पातेल्यातलं, नाक दाबून. सुटका मागितली, तर अव्वा म्हणते, “डोस्क्याला चांगलं असतंय म्हणालास न्हवं? मग तुलाच गरज हाय.”