उत्तमरावांचं गाडगं

आमचे उत्तमराव वापरलेली चहाची पूड धुतात, गच्चीवर वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी तिचाच चहा पाहुण्यांना पाजतात. पाहुण्यानं तोंड वाकडं केलं की बजावतात, "गाळा, धुवा, पुन्यांदा वापरा!" ते बारामतीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. मी इतिहास शिकवतो आणि शेजारी राहत असल्यामुळे तो चहा पितो.

हे सगळं कॅटॅलिस्टमुळे. म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ. उत्तमरावांना भजीवाल्यांच्या कढईतल्या जळक्या तेलाचं डिझेल करायचं होतं, तेही गटारात घाण न सोडता. त्यासाठी उसाच्या चिपाडाच्या राखेतून ते पूड काढत. इतकी बारीक, की केसाच्या जाडीत हजार कण शेजारी-शेजारी बसावेत. "नॅनो हाय, नॅनो!" म्हणत ते चिमूटभर पूड प्रत्येकाला दाखवत. एकदा नेमकी त्या चिमटीवर मला शिंक आली. आठवडाभर अबोला होता.

प्रिन्सिपॉलांना मात्र प्रयोगशाळेत भज्यांचा वास नको होता. शुक्रवारपर्यंत डिझेल जमलं नाही तर तिथला तुमचा कोपरा रिकामा करा, असा हुकूम निघाला. उत्तमरावांचं तोंड एवढंसं झालं. सुमनवहिनी गेल्यापासून ते रोज दिवेलागणीपर्यंत त्या कोपऱ्यातच असत.

"चार वाजता घरी जाऊन मी करू काय, मास्तर?"

त्यात राख संपलेली. आम्ही पणदऱ्याच्या एका गुऱ्हाळावर गेलो. राख अजून गरम होती, प्लॅस्टिकची पिशवी वितळली असती. गुऱ्हाळवाल्यानं ती मातीच्या गाडग्यात भरली आणि तोंडाला पांढरं फडकं बांधलं. उत्तमराव गाडगं छातीशी धरून एसटीत चढले आणि अख्खी गाडी चिडीचूप झाली.

कंडक्टरनं स्वतः पुढची सीट झाडून दिली. एकानं मोबाइलवरची लावणी बंद केली. शेजारचे फेटेवाले आबा हळूच म्हणाले, "नरसिंगपूरला न्यायची का, संगमावर?"

"न्हाय वो, कॉलेजात. आधी धुवायची, मग उकळायची, मग भट्टीत घालायची."

"भट्टीत? आता पुन्यांदा?"

"व्हय. न्हायतर शुद्ध कशी व्हायची?"

आबा उठले ते थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मागच्या सीटवर मी रुमाल तोंडात कोंबून हसत होतो.

आबांच्या जागी एक म्हातारी येऊन टेकली. "दुःखानं डोस्कं फिरलंय लेकराचं," म्हणाली आणि उत्तमरावांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "कोण गेलं रं?"

आता हिला नॅनो समजावणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"बायको," उत्तमराव म्हणाले.

बारामतीचा स्टँड येईपर्यंत म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शुक्रवारी तेल झकास निवळलं. खाली तांबूस ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं डिझेल. शिपायानं त्यावर कॉलेजचा जनरेटर धडधडवला, तेव्हा प्रिन्सिपॉल नाचायचेच काय ते बाकी होते. कोपरा वाचला.

घरी येताना मी चिडवलं, "म्हातारीला चांगलंच फसवलंत की! राख गुऱ्हाळाची आहे, एवढं सांगायचं."

"सांगणार व्हतो," ते म्हणाले. "पण मास्तर, सुमन गेली तवा समदे इचारत व्हते, गाडी कुणाची सांगू, दहाव्याला किती माणूस धरू. पाठीवरनं हात कुणीच फिरवला न्हवता. म्हटलं, स्टँड येईस्तवर ऱ्हाऊ दे."